मदत हवी आहे: कच्चायनाच्या पालि व्याकरणाचे सूत्रक्रमांक जुळेनात (कोल्हापूर)

पंचगंगा_घाट:
लघुकौमुदी (पाणिनीच्या संस्कृत व्याकरणाची प्रवेशिका) झाली आहे. पालि व्याकरण आता परंपरेच्या सूत्रांवरूनच शिकायचं आहे. छट्ठ संगायनाच्या (सहाव्या बौद्ध संगीतीच्या) पालि ग्रंथांच्या संगणकीय आवृत्तीतून देवनागरी कच्चायनब्याकरण घेतलं, पण तिथे 'सरा सरे लोपं'वर '१२, १३' असे दोन आकडे आहेत आणि पुढे त्यांचा मेळच बसत नाही. 'घतो नादीनं'मध्ये तर पाणिनीप्रमाणे 'घ' म्हणजे तरप्-तमप् (तुलनेचे प्रत्यय) धरून काहीच हाती लागत नाही. शिवाय छापील, शक्यतो मराठी-हिंदी अर्थासह असलेली प्रत कोल्हापुरात कुठे शोधावी?

सूत्रधार:
पहिला आकडा कच्चायनाचा, दुसरा पदरूपसिद्धी या नंतरच्या ग्रंथाचा. त्यात बुद्धप्पियाने तेराव्या शतकात तीच सूत्रं रूपं साधण्याच्या क्रमाने लावली (सिद्धान्तकौमुदीसारखं), म्हणून आकडे सरकतात. वहीत फक्त पहिला आकडा लिहा.

'घ'बाबत पाणिनी बाजूला ठेवा, नाहीतर पदोपदी ठेच लागेल. इथे 'घ' म्हणजे स्त्रीलिंगी नामाचा अंत्य आ. त्यापुढच्या ना वगैरे विभक्तिप्रत्ययांना 'आय' होतो: कञ्ञा + ना = कञ्ञाय. अग्गिमधला इ तो 'झ', भिक्खुमधला उ तो 'ल', स्त्रीलिंगी रत्ति, धेनु यांचे इ-उ म्हणजे 'प', आणि संबोधनाचा सि हा प्रत्यय म्हणजे 'ग'. ही पाच अक्षरं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नामकप्पात (नामांच्या प्रकरणात) त्यांच्यावाचून पान हलत नाही.

सूत्राखालची वुत्ति (स्पष्टीकरण) गाळू नका. अनुवृत्तीने, म्हणजे आधीच्या सूत्रांतून पुढे येणारे शब्द तीच भरून देते.

अनुवृत्ती:
सूत्रं सलग पाठ करत सुटू नका, एकेक रूप सोडवा. 'नोपेति' घ्या. न + उपेति. सूत्र १० ने न् आणि अ सुटे करा, १२ ने अ लोपवा, १४ ने (क्वचासवण्णं लुत्ते) उ चा ओ करा, ११ ने न् पुढच्या स्वराला जोडा. क्रम १०, १२, १४, ११. आता सद्धा + इध घ्या. इथे १४ च्या जागी १५ (दीघं) लागतं, म्हणून 'सद्धीध'.

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं: मग न + उपेतिलाही १५ लावून 'नूपेति' का नाही? 'क्वचि' म्हणजे कुठे कुठे, आणि ते कुठे हे सूत्र सांगत नाही, तिपिटकातला प्रयोग सांगतो. हे व्याकरण नवी रूपं पाडायला नाही, बुद्धवचनात आलेली रूपं उलगडायला आहे. पाणिनीकडून येणाऱ्याला हे ढिसाळ वाटतं. माझ्या मते त्यात प्रामाणिकपणा आहे.

सूत्रधार:
प्रतींबद्दल: हिंदी अर्थासह कच्चायन हवं तर तिवारी-शर्मा यांची वाराणसीची आवृत्ती (१९६२). भिक्षु जगदीश काश्यपांचं पालि महाव्याकरण (१९४०) हिंदीतच आहे, पण ते मोग्गल्लान या दुसऱ्या पालि वैयाकरणाच्या परंपरेतलं. दोन्ही एकदम उघडलीत तर सूत्रांची खिचडी होईल. शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात आणि करवीर नगर वाचन मंदिरात सूची बघताना कच्चायन, कच्चान, कात्यायन आणि पालि, पाली असे सगळे पर्याय टाकून बघा. ऱ्हस्व-दीर्घाच्या एका फरकाने पुस्तक 'नाही' ठरतं. तिथे नसेल तर आंतरग्रंथालय देवघेवीची विचारणा करा, भांडारकर संस्थेचं नाव सुचवा.

सद्दनीती या मोठ्या पालि व्याकरणाला (११५४, पगान) इतक्यात हात लावू नका. नामकप्प आणि आख्यात (क्रियापदांचं प्रकरण) झाल्यावर तिची धातुमाला फार कामाला येते.

पंचगंगा_घाट:
आभारी आहे. १०-१२-१४-११ ने 'नोपेति' सुटलं! एक राहिलं: कच्चायनात वर्ण ४१, काश्यपांकडे ४३. छपाईची चूक?

अनुवृत्ती:
चूक नाही. मोग्गल्लान ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ वेगळे मोजतो, जोडाक्षराआधी येतात ते: एत्थ, ओट्ठ. कच्चायनाचे स्वर आठ, याचे दहा. व्यंजनं दोघांकडे ३३च, आणि आपला ळ दोघांच्याही यादीत आहे.