विषय: वर्गातला 'मोमो'

खारघरहून:
नमस्कार मंडळी,
इंग्लंडमधलं लेस्टर सोडून दीड वर्ष झालं, पण आपल्या ईमेल यादीतून नाव काढलेलं नाही, म्हणून हक्कानं लिहितेय. लेकाच्या आठवीच्या वर्गात मिझोरममधल्या आयझॉलचा एक मुलगा आलाय. सगळे त्याला 'मोमो' म्हणतात. परवा त्यानं डबा उघडला तर मागून कुणीतरी विचारलं, "कुत्रा आणलायस का?" सगळे हसले. आमचे चिरंजीवसुद्धा. घरी येऊन गंमत म्हणून सांगत होता! डब्यात होतं काय, तर भात आणि उकडलेली भाजी.

ह्याच माझ्या पोराला तिकडे बसमध्ये 'पाकी' (आपल्यासारख्या दक्षिण आशियाई लोकांना तिथे देतात ती शिवी) म्हटलं, तेव्हा आठवडाभर शाळेत जायला तयार नव्हता.

वर्गशिक्षिका म्हणाल्या, "अहो, मुलं चिडवतातच. जाड्या, बुटक्या, तसंच हे." आता काय करू?

लेस्टरहून:
त्या 'पाकी' प्रकरणाच्या वेळी शाळेनं वंशद्वेषाच्या नोंदीचा फॉर्म भरला होता, आठवतंय? त्यामागे स्टीफन लॉरेन्स आहे. 1993 मध्ये लंडनला ह्या काळ्या मुलाचा वंशद्वेषातून खून झाला. त्या प्रकरणाच्या सरकारी चौकशीचा मॅकफर्सन अहवाल आला 1999 मध्ये. त्याचं म्हणणं असं, की ज्याला लागलं त्याला किंवा बघणाऱ्या कुणालाही प्रकार वंशद्वेषाचा वाटला, तर नोंद तशीच करायची. 'मस्करी होती' हे म्हणणाऱ्यानं ठरवायचं नाही. शाळांनी नोंद ठेवून पालकांना कळवावं, ही शिफारसही त्यातलीच. सगळं सुधारलं असं नाही हो, पण कागद राहतो.

ठाण्याहून:
ताई, मी घोडबंदर रोडला बावीस वर्षं शिकवलं. 'जाड्या'ला कुणी "तू भारतातलाच ना?" असं विचारत नाही, एवढंच त्या बाईंना सांगा.

शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17 मानसिक छळालाही मनाई करतं, आणि घटनेच्या कलम 15 मध्ये वंश आणि जन्मस्थान दोन्ही आहेत. पण सुरुवातीलाच कलमं काढलीत तर मुख्याध्यापकांना वकील आठवतो. साधा अर्ज द्या. तारीख, तास, नेमका शब्द. आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका.

आणि त्या मुलाला वर्गापुढे उभं करून 'मिझोरमविषयी दोन शब्द' नको. आमच्याकडे एका मुलीला असंच उभं केलं होतं. ती ओढणीचं टोक पिळत राहिली, शेवटपर्यंत बोललीच नाही. चिडवणारा नि तो एका प्रकल्पात, एका संघात असू देत. मुख्य म्हणजे त्याच्या आईला आधी विचारा. परस्पर काही करू नका.

खारघरहून:
भेटले. त्याच्या आजीचे उपचार टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या इथल्या केंद्रात चालू आहेत, म्हणून ते इकडे राहायला आलेत. आधी काही दिवस वाशीच्या मिझोरम भवनात होते. आई म्हणाली, "मोमो आमचे नाहीतच." मग म्हणाली, आधीच्या शाळेतही हेच झालं होतं, तेव्हा गप्प बसलो.

अर्जावर दोघींच्या सह्या आहेत. आवक क्रमांक घेतला. सोमवारी बोलावलंय. लेकानं काल अर्जाची प्रत वाचली आणि विचारलं, "मी हसलो तेपण लिहिलंयस?"
हो, लिहिलंय.