चूर्णाने दुखणे थांबते, पण निदान लांबते का?

चोपडेकर:
आमच्याकडे आठवडे बाजारात सांधेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्या मिळतात. दोन दिवसांत गुडघे मोकळे होतात आणि माणूस पुन्हा केळीच्या बागेत कामाला लागतो. अशा ‘जडीबुटी’त डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा आढळले आहे. त्याने सूज आणि ताप दबतो, साखर वाढते आणि मणक्याचा क्षय असला तर तो आतल्या आत पसरत राहतो. चेहरा सुजून गोल होतो, तेव्हा घरचे मात्र तब्येत भरल्याचे समाधान मानतात. दुखण्याचे कारण कळेपर्यंत अशी पुडी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वैद्य, अमळनेर:
भाऊ, भेसळीचे खापर आयुर्वेदावर फोडू नका. आयुर्वेदिक औषधांनाही १९४०चा औषध कायदा लागू आहे; विनापरवाना तयार केलेली पुडी बेकायदेशीरच. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेणाऱ्यांची लक्षणे दबत नाहीत काय?

परिचारिका, शहादा:
दबतात, वैद्यबुवा, पण म्हणून चूर्ण निर्दोष ठरत नाही. पोट साफ करणारी सोनामुखी अगदी शुद्ध असली, तरी शौचाच्या सवयीत अलीकडे झालेला बदल रोज रात्रीच्या चमचाभर चूर्णाखाली झाकला जातो, आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची ती एक महत्त्वाची खूण असते. पुढे रक्त दिसले की ‘मूळव्याध असेल’ म्हणून आणखी एक डबी येते. येथे भेसळ कोठे आहे?

धडगावकर:
चोपडेकर, ‘घेऊच नये’ हे सपाटीवरून सांगणे सोपे आहे. सातपुड्याच्या पाड्यावरून दवाखाना गाठताना अर्धा दिवस आणि मजुरी दोन्ही जातात. आमच्याकडे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची हाडे फोडणारी कळ वाताचे दुखणे समजून पाल्यावर काढली जाते, हे खरे. परंतु पाला हिरावून घेतल्याने निदान होणार नाही. रक्ताच्या काही थेंबांवर होणारी सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी पाड्यापर्यंत आणा आणि मग उपदेश करा.

चोपडेकर:
चाचणीचा मुद्दा मान्य. पाल्याचा लेप लावण्यास माझा विरोध नाही. पोटात जाणाऱ्या अनोळखी पुडीला आहे. मात्र कित्येक आठवडे ती घेणाऱ्यांनी हा धागा वाचून एकाएकी बंद करू नये. स्टेरॉइडमुळे मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी मंदावलेल्या असल्यास ते जिवावर बेतू शकते. उरलेली पुडी खिशात घालून डॉक्टरांकडे जावे. वैद्यबुवांनी सोनामुखीबद्दलचे उत्तर अद्याप दिलेले नाही.