जुना चष्मा कुणाला दिलात? कुणाचा वापरलात? अनुभव सांगा

धागा सुरू करणारी:

बाबांना जाऊन वर्ष होत आलं. परवा त्यांचा खण आवरायला घेतला तर सात चष्मे निघाले. काही चष्म्याच्या घरात जपून ठेवलेले, काही नुसतेच, एकाच्या काडीला दोरा गुंडाळलेला. टाकवत नाहीत, आणि ठेवून तरी काय करायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात वाचलं की चाळिशी लागूनही योग्य चष्मा न मिळालेली माणसं जगात ८२ कोटींच्या वर आहेत. तेव्हापासून हे सात चष्मे डोळ्यांसमोरून हलत नाहीत. तुमच्यापैकी कुणी चष्मे दिलेत, गोळा केलेत, दुसऱ्याचे वापरलेत? चांगलं-वाईट दोन्ही लिहा.

शिबिरात नंबर मोजणारा:

ताई, नेत्रशिबिरांत आठ वर्षं लेन्सोमीटरवर, म्हणजे चष्म्याचा नंबर मोजायच्या यंत्रावर बसतोय. आधी न आवडणारं सांगतो. आमच्याकडे खोकी भरून चष्मे येतात, पण त्यातले फार थोडे कुणाला देता येतात. २०१२ मध्ये अशा जुन्या चष्म्यांवर एक अभ्यास झाला. २७५ चष्मे तपासले आणि त्यातले जेमतेम ७ टक्के वापरण्याजोगे निघाले. आमच्या टेबलावरही फार वेगळं चित्र नसतं.

ओरखडे, सैल काड्या हे तर आहेच. पण खरी अडचण नंबरची. सिलिंडरचा, म्हणजे एकाच दिशेने काम करणारा नंबर असेल तर ती दिशा सांगणारा अक्षही असतो, ० ते १८० अंशांमधला कुठलाही. उजव्या डोळ्याचा एक, डाव्याचा दुसरा. वर दोन बाहुल्यांमधलं अंतर, ते प्रत्येकाचं निराळं. हे सगळं जुळणारं दुसरं माणूस रांगेत उभं असेल, हा निव्वळ योगायोग. बाहुल्यांचं अंतर चुकलं आणि नंबर मोठा असला तर थोड्याच वेळात डोळे ओढल्यासारखे होतात. माणूस चष्मा काढून ठेवतो आणि पुन्हा लावत नाही. आपल्याला वाटतं, आपण मदत केली.

हमखास उपयोगी पडतात ते जवळचे साधे चष्मे, दोन्ही काचांना सारखा नंबर असलेले. +१ पासून +३ पर्यंतचे. ते आले की आम्ही कोमट साबणाच्या पाण्याने धुतो, मऊ कापडाने टिपतो, नंबर मोजतो, चिठ्ठी लावतो. ते लगेच संपतात. बाबांच्या सातांत असे किती आहेत ते बघा.

शिवणकाम करणारी:

मला मिळाला होता असा एक. +१.५०, काळ्या काड्यांचा, कुणाचा होता ते कधी कळलं नाही.

त्याआधीची दोन वर्षं मी सुईत दोरा ओवायला शेजारच्या मुलीला हाक मारायचे. ती शाळेत गेली की काम थांबायचं. मी दोऱ्याचं टोक ओलं करून, पिळून, खिडकीशी जाऊन बघायचे. नेढं आहे तिथे आहे हे बोटांना कळायचं, डोळ्यांना नाही. शिबिरातल्या एका बाईंनी मला चष्मा लावला आणि हातात छापील कागद दिला. मी म्हटलं, कागद नको, सुई द्या. त्यांच्याकडे सुई नव्हती. मी माझ्या ब्लाउजला टोचलेली काढली. नेढं दिसलं! त्याची कडासुद्धा दिसली, एका बाजूला जरा चपटी. दोरा पहिल्याच वेळी गेला. मी तिथेच रडले, आणि रडल्यामुळे परत काही दिसेना.

तीन वर्षांनी नंबर वाढला, तेव्हा स्वतःच्या पैशांनी नवा केला. जुना परत नेऊन दिला.

शाळेत शिकवणारी:

वर दादांनी लिहिलंय ते मी चूक करून शिकले. वर्गातल्या एका मुलाला फळा दिसत नव्हता. माझ्या भाचीचा जुना चष्मा घरी पडला होता, तो मी कौतुकाने दिला. आठवडाभर मूल डोकं धरून बसायचं आणि मला सांगायचं नाही, कारण चष्मा बाईंनी दिलेला. शेवटी त्याच्या आईने विचारलं. डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घालून तपासलं तर दोन्ही डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक होता. अशा वेळी वेळेत योग्य काच मिळाली नाही तर कमजोर डोळा आळशी पडतो, असं ते म्हणाले. अजून आठवलं की पोटात गोळा येतो. लहान मुलांना कृपा करून कुणाचाही उतरवलेला चष्मा देऊ नका. तपासणी करून द्या, नव्या काचा करून द्या. फ्रेम जुनी चालेल.

चष्मे बसवणारा:

बाईंचं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. काच जुळली नाही तरी चांगली फ्रेम वाया जात नाही. त्यात नव्या काचा घासून बसवता येतात. मोडलेल्या चष्म्याचे स्क्रू, नाकावरची पॅड, धड असलेली काडी आम्ही काढून ठेवतो. देताना मात्र चष्मे पिशवीत एकावर एक कोंबू नका. वाटेतच काचा एकमेकींवर घासतात. चष्म्याचं घर नसेल तर जुन्या मोज्यात घाला.

आणखी एक, वाचनात आलेलं:

लायन्स क्लबच्या चष्मा गोळा करायच्या पेट्या पाहिल्या असतील. त्यांच्या नेत्रकार्यामागे हेलन केलर आहेत. १९२५ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या अधिवेशनात त्यांनी अंधांसाठी उभं राहण्याची हाक दिली होती. शिवणाऱ्या ताईंचं वाचून २०१८ चा एक अभ्यासही आठवला. आसामच्या मळ्यांत चहा खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या कामगारांना जवळचे चष्मे दिले, तेव्हा चष्मा न मिळालेल्यांच्या मानाने त्यांची खुडणी २१ टक्क्यांहून जास्त वाढली. ते चष्मे नवे होते, हेही सांगायला हवं. जमेल त्याने जुन्याबरोबर एखाद्या नव्या जवळच्या चष्म्याचे पैसेही द्यावेत, असं मला वाटतं.

धागा सुरू करणारी:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सातही चष्म्यांचे नंबर मोजून आणले. चार जवळचे साधे निघाले, दोन द्विनाभीय, म्हणजे एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर असलेले, त्यांच्या फ्रेमा देणार आहे. दोरा गुंडाळलेला सातवा बाबा रोज लावायचे. तो +१.७५ चा निघाला. चष्म्याच्या घरात ठेवलेला, एकही ओरखडा नसलेला, तो +२.५० चा. म्हणजे डॉक्टरांनी वाढवून दिलेला चष्मा त्यांनी जपून ठेवला आणि शेवटपर्यंत पेपर हात लांब करून वाचला. मी रोज समोर बसायचे.

+२.५० चा धुऊन, चिठ्ठी लावून ठेवलाय. दादा, पुढचं शिबिर कधी आहे?

शिबिरात नंबर मोजणारा:

येत्या रविवारी, ताई. सकाळी लवकर या, त्या नंबरला आधीच तीन नावं आहेत.