वॉकरची उंची आधी बघा

"आई वॉकर वापरतच नाही, कोपऱ्यात पडून असतो" असं वर लिहिलंय, त्यावरून सांगते. माझी आई ७८ वर्षांची, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. तीही वॉकर टाळायची. साताऱ्याला गेले तेव्हा लक्षात आलं, तो तिला उंच होत होता. खांदे वर ओढून चालायची आणि मग ते दुखायचे. हात सैल सोडून सरळ उभं राहिल्यावर वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेशी यायला हवी. पायांची बटणं दाबून २ खाचा खाली घेतला. त्याच संध्याकाळी ती आपणहून देवघरापर्यंत गेली. मला रडूच आलं.

कमोडशेजारी स्टीलचा दांडा भिंतीत पक्का बसवून घ्या. टॉवेलच्या दांडीला धरू देऊ नका, ती वजन पेलत नाही. पायपुसणी उचलाच. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली, तिच्या हातची सगळी कामं काढून घेतली. ती गप्प गप्प झाली. आता खुर्चीत बसून मेथी निवडते, लसूण सोलते. मी साताऱ्याला गेले की तिच्या शेजारी बसते, तिने मदत मागितली तरच करते.

तुमच्या आईंच्या वॉकरचं माप एकदा बघून इथे कळवा ना.