दहा वर्षांचा लॅपटॉप भंगारात देऊ का?

प्रश्न : २०१५ चा लॅपटॉप आहे. पाचव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम. चालू केला की चहा उकळून कपात येईपर्यंत डेस्कटॉप दिसत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्टही संपला, आणि ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. बाबांना बातम्या वाचायला आणि मराठीत टाइप करायलाच हवाय.

प्रतिसाद १ : अजिबात देऊ नका! माझा २०१४ चा अजून रोज चालतो. खरा अडसर हार्ड डिस्कचा. तिच्यात तबकडी फिरते, हेड जागा शोधत बसतं. एसएसडी म्हणजे चिपवर साठवण करणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं. अडीच इंची, साटा जोडणीची एसएसडी घ्या. मी मागचे स्क्रू वाटीत काढून ठेवले, जुनी डिस्क उचलली, नवी सरकवली, झालं. मग विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवाली. आधी पेनड्राइव्हवरून चालवून वायफाय आणि आवाज तपासा. आणि त्याही आधी बॅकअप, बाबांचे फोटो असतीलच. चांगलं यंत्र असं टाकून दिलेलं मला बघवत नाही.

प्रतिसाद २ : रॅम ८ करता आली तर कराच. ब्राउझरचे चार टॅब उघडले की ४ पुरत नाही. बाबा टाइप कसं करतात?

प्रश्नकर्ता : इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड मांडणी. बोटं पक्की बसलीत.

प्रतिसाद २ : मग काळजीच नको. मिंटमध्ये इनस्क्रिप्ट मिळतं.

प्रश्नकर्ता : एसएसडी मागवली. रविवारी उघडतो.