अधिक मासाच्या वर्षी गणपतीचा माल केव्हा उचलावा? (सांगली)

नमस्कार. सांगलीत हरभट रस्त्यालगत आमचे कापड आणि मोसमी वस्तूंचे दुकान आहे. जूनमध्ये छत्र्या-रेनकोट, मग गणपतीची मखरे, तोरणे आणि कृत्रिम फुलांच्या माळा, पुढे आकाशकंदील आणि थंडीत स्वेटर-कानटोप्या असा आमचा वर्षाचा क्रम असतो. 2026 च्या खरेदीबाबत अनुभवी व्यापाऱ्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

बिलिंगचे सॉफ्टवेअर गेल्या वर्षीच्या त्याच तारखेची विक्री दाखवते. पण 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती, यंदा अधिक ज्येष्ठामुळे ती 14 सप्टेंबरला आहे आणि लक्ष्मीपूजनही 21 ऑक्टोबरवरून 8 नोव्हेंबरवर गेले आहे. 2023 मध्ये अधिक श्रावण होता आणि चतुर्थी 19 सप्टेंबरला आली होती. म्हणून माल केव्हा खपेल हे 2023 च्या नोंदींवरून आणि किती खपेल हे 2025 च्या नोंदींवरून ठरवावे, असे मला वाटते. धोंड्याच्या महिन्यात लग्नाची खरेदी थंडावली, तरी जावयाच्या कपड्यांना मागणी असते, त्यामुळे त्या बाजूची मला फारशी चिंता नाही.

खरी अडचण कृष्णेच्या पुराची आहे. आमचे ठोक व्यापारी सजावटीच्या मालावर सूट देतात, मात्र जुलैअखेर सगळा माल उचलला तरच. तेव्हा उचललेला माल यंदा चतुर्थीपर्यंत सहा आठवडे आमच्याकडे पडून राहणार, आणि त्यातला ऑगस्ट हा पुराच्या धास्तीचा महिना. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेले होते, 2021 चा पूर तर जुलैतच आला. शहरात ऊन पडलेले असले, तरी कोयना आणि महाबळेश्वरच्या पाणलोटात पाऊस असेल तर इथली पातळी चढतच राहते. आमचा माळा लहान आहे. थर्माकोलला पर्याय म्हणून आलेली पुठ्ठ्याची घडीची मखरे वजनाला हलकी असली, तरी जागा फार खातात आणि नुसत्या ओलीनेही त्यांच्या कडा फुगून रंगीत कागद सुटतो. उशिरा माल घ्यावा, तर सूट जाते आणि चांगले नमुने आधीच संपलेले असतात.

याच जागेवर उरलेल्या पावसाळी मालाचाही हक्क आहे. काळ्या छत्र्या मी ठेवणार आहे, कारण जत, कवठेमहांकाळकडचे गिऱ्हाईक परतीच्या पावसात त्या मागते. मुलांचे रेनकोट मात्र घडीत एकमेकांना चिकटतात, उलगडताना त्यांवरील छापील चित्र निघून येते आणि पुढच्या वर्षी मुलांना वेगळेच चित्र हवे असते. म्हणून ते जुलैच्या मध्यापासून खरेदीच्या भावात काढून टाकण्याचा विचार आहे.

जुलैअखेर पक्की मागणी आणि काही आगाऊ रक्कम देऊन, तीच सूट कायम ठेवून माल ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अशा दोन टप्प्यांत घेण्याची बोलणी कोणी यशस्वीपणे केली आहेत का? आगाऊ रक्कम साधारण किती द्यावी लागते आणि ठरलेले नमुनेच मिळतील, याची लेखी हमी व्यापारी देतात का? पूररेषेबाहेर, विश्रामबाग किंवा कुपवाडकडे, केवळ दोन महिन्यांसाठी गोदाम भाड्याने घेणाऱ्यांनी त्याचे भाडे व दुहेरी हमाली सुटीच्या रकमेतून भरून निघते का, हेही कृपया सांगावे.