सोसायटीच्या सोलरला बॅटरी घ्यावी की नाही?

चौथा मजला, श्रीवर्धन
आमच्या २४ फ्लॅटच्या सोसायटीत गच्चीवर २० किलोवॉट सोलर बसवायचं ठरलंय. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान, म्हणजे ३ लाख ६० हजार. वाद बॅटरीवरून आहे. अनुदान पॅनेलच्या किलोवॉटवर मिळतं, बॅटरीचा खर्च आपलाच. तरी घ्यावी असं माझं ठाम मत आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर कित्येक दिवस लाइट नव्हती. पंप बंद. विहिरीचं पाणी कळशीने चौथ्या मजल्यावर चढवलंय मी, ओल्या जिन्याला हात टेकत टेकत.

खजिनदार
ताई, हाल सगळ्यांचेच झाले. पण वादळ दरवर्षी येत नाही, कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो. नेट मीटरिंगमध्ये दिवसाची जादा युनिटं रात्रीच्या वापरातून वजा होतात, मग बॅटरी कशाला? पाच घरांचा मेंटेनन्स आधीच थकलाय. अडीनडीला जनरेटर भाड्याने आणू.

चौथा मजला
झाडं पडून रस्ते बंद होते, डिझेल कुठून आणणार होतो? आणि ग्रिड, म्हणजे बाहेरची लाइन, गेली की तिच्यावरच चालणारा बिनबॅटरीचा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. व्हायलाच हवा, नाहीतर आपली वीज तारेत जाऊन खांबावरच्या वायरमनच्या जिवावर बेतेल. म्हणजे गच्चीभर पॅनेल आणि नळ कोरडे.

खजिनदार
जूनच्या ढगात पॅनेल देणार किती?

सोलर फिटिंगवाला, अलिबाग
२० किलोवॉटचे चांगल्या उन्हात दिवसाला ८० युनिट धरा. ढगात चौथाई मिळाले तरी २०. तुमचा ५ एचपीचा पंप तासाला ४ युनिटच्या आसपास खातो. पंप आणि जिन्यातले दिवे एवढंच वेगळ्या लाइनवर घेतलं तर १० युनिटची बॅटरी पुरते. लिफ्ट त्यात धरू नका. पंप सुरू होताना करंटचा झटका मोठा असतो, तो झेपेल असाच हायब्रिड, म्हणजे लाइन गेली तरी बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर घ्या. पण पहिला पैसा स्ट्रक्चरवर, म्हणजे पॅनेल धरणाऱ्या सांगाड्यावर घाला. खाऱ्या हवेत साधे नटबोल्ट गंजतात, आणि ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात पॅनेलच उडालं तर बॅटरी भरणार कशाने?

खजिनदार
स्ट्रक्चरचं एकदम मान्य, रविवारच्या सभेत तो ठराव मीच मांडतो. १० युनिटच्या बॅटरीचं कोटेशनही मागवा. पण थकबाकी असलेल्या त्या पाच घरांचा वाटा कोण भरणार, हे ठरेपर्यंत माझं मत विरोधातच.

चौथा मजला
त्या पाचांतली दोन घरं माझ्याच मजल्यावर आहेत. कळश्या त्यांनीही वाहिल्यात. त्यांचा वाटा सिंकिंग फंडातून, म्हणजे मोठ्या कामांसाठी सोसायटीने साठवलेल्या पैशातून घेता येईल का, तेही रविवारी विचारा.